क्लोव्हरच्या पानांवरचे चार आकडे

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या नैर्ऋत्येला स्विफ्ट करंट नावाचं गाव आहे. त्या गावाच्या ज्युनियर हॉकी टीमनं, म्हणजे बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या ब्रॉन्कोजनं, आपल्या चार खेळाडूंसाठी एक खूण केली. चार पानांचं क्लोव्हर आणि प्रत्येक पानावर जर्सीचा एकेक आकडा. ८, ९, ११ आणि २२. ती चार मुलं ३० डिसेंबर १९८६ रोजी टीमच्या बसच्या अपघातात गेली. सर्वांत मोठा वीस वर्षांचा होता, सर्वांत लहान सोळाचा.

या अपघाताबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. गाव कसं सावरलं आणि टीमनं अडीच वर्षांत ज्युनियर हॉकीतला देशाचा सर्वोच्च चषक कसा आणला, ही कथा कॅनडात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरीच आहे. पण तिच्या पोटात दुसरी एक गोष्ट, टीमच्या प्रशिक्षकानं मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची, दहा वर्षं दबून राहिली होती. ती बाहेर आली तेव्हा पहिल्या कथेतला जवळजवळ प्रत्येक प्रसंग पुन्हा तपासावा लागला. म्हणून हे प्रकरण मला लीगच्या इतिहासातल्या एका दुर्घटनेपुरतं वाटत नाही. लीग मुळात कशी चालते, गाव तिच्यावर जीव का टाकतं, आणि त्या जीव टाकण्यात लहान मुलाकडे बघायचं कसं राहून जातं, हे सगळं इथे एकाच ठिकाणी सापडतं.

बंडातून जन्मलेली लीग

ब्रॉन्कोज ज्या लीगमध्ये खेळतात ती आजची वेस्टर्न हॉकी लीग. तिचा जन्म १९६६ सालचा, आणि तो भांडणातून झालेला. त्या काळात पश्चिम कॅनडात ज्युनियर हॉकी प्रांताप्रांतांत वाटलेली होती. एडमंटन ऑइल किंग्ज ही टीम इतकी भारी होती की १९६० ते १९६६ अशी सलग सात वर्षं ती मेमोरियल कपच्या अंतिम फेरीत गेली आणि १९६३ व १९६६ मध्ये जिंकली. मेमोरियल कप म्हणजे पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅनडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ पासून दिला जाणारा चषक, ज्युनियर हॉकीतला सर्वांत मोठा. पण ऑइल किंग्जना वर्षभर तोडीस तोड प्रतिस्पर्धी घराजवळ मिळत नव्हता.

एडमंटनचे बिल हंटर हे धडाकेबाज गृहस्थ. एस्तेव्हनचे स्कॉटी मन्रो, रिजायनाचे डेल विल्सन अशा मंडळींना सोबत घेऊन त्यांनी सस्कॅचवानमधल्या चांगल्या टीम फोडल्या आणि प्रांतांच्या सीमा ओलांडणारी नवी लीग उभी केली. एडमंटन, कॅलगरी, सॅस्कटून, रिजायना, मूस जॉ, एस्तेव्हन आणि वेबर्न अशा सात टीम. राष्ट्रीय संघटनेनं या लीगला बंडखोर ठरवलं आणि मेमोरियल कपचं दार तिच्यासाठी बंद केलं. पहिल्या वर्षी मूस जॉ कनक्स विजेते झाले, पण पुढे खेळायला त्यांना जागाच नव्हती. दुसऱ्या वर्षी समेट झाला, १९६८ मध्ये पुन्हा फाटलं, आणि १९७० च्या सुमारास देशभरातल्या ज्युनियर हॉकीची वरची आणि खालची अशी पायरी ठरली तेव्हा कुठे हे सगळं थांबलं. नावही या काळात बदलत राहिलं. १९७८ पासून ते वेस्टर्न हॉकी लीग असं आहे, कारण तोवर पोर्टलंड आणि सिएटल या अमेरिकन शहरांतल्या टीमही आत आल्या होत्या.

पुढचं प्रकरण समजायला या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लीग लहान गावांवर उभी राहिली आणि मोठ्या शहरांकडे सरकत गेली. एस्तेव्हनची टीम १९७१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात, न्यू वेस्टमिन्स्टरला गेली. ज्या ऑइल किंग्जपासून सगळं सुरू झालं ती टीम १९७६ मध्ये पोर्टलंडला गेली. बॉबी क्लार्कसारखा खेळाडू घडवणारं फ्लिन फ्लॉन, मॅनिटोबाच्या उत्तरेचं खाणींचं गाव, तेही १९७८ मध्ये लीगबाहेर पडलं. स्विफ्ट करंट १९६७ मध्ये लीगमध्ये आलं आणि १९७४ मध्ये त्याचीही टीम गेली, अल्बर्टातल्या लेथब्रिजला. जाताना तिनं ब्रायन ट्रॉटिए हा मुलगाही नेला. तो स्विफ्ट करंटच्या दक्षिणेकडच्या व्हाल मारी या खेड्यातला, पुढे न्यूयॉर्क आयलंडर्सचा मोठा खेळाडू झाला. आपल्या पंचक्रोशीतला पोरगा दुसऱ्याच गावाच्या जर्सीत खेळताना बघणं त्या माळरानावरच्या लोकांना किती लागलं असेल, याची कल्पना आपल्याला सहज येते.

परत आणलेली टीम

बारा वर्षं स्विफ्ट करंटला या लीगची टीम नव्हती. १९८६ मध्ये गावातल्या काही मंडळींनी पुढाकार घेतला, लेथब्रिजची टीम विकत घेतली आणि परत आणली. ही मालकी एका शेठची नव्हती. टीम गावाची, नफा न वाटणारी संस्था म्हणून चालवायची, असं ठरलं. त्या वेळी गावाची वस्ती सोळा हजारांच्या आसपास होती. लीगमधल्या सर्वांत छोट्या गावांपैकी ते एक, आजही आहे.

वाहत्या पाण्याच्या उलट पोहून हे गाव काठाला लागलं होतं. म्हणूनच १९८६ च्या हिवाळ्यात ब्रॉन्कोज ही तिथे नुसती खेळाची टीम राहिली नव्हती. धान्य आणि गुरांवर जगणारं, जानेवारीत पारा उणे वीस-पंचवीसला सहज जाणारं गाव. संध्याकाळी दिवे लागलेली आणि माणसांनी भरलेली जागा म्हणजे रिंक, बर्फाचं मैदान. तिकीट विकणारी, पॉपकॉर्न भाजणारी, बर्फ सारखा करणारी माणसं शेजारपाजारचीच.

मुलं मात्र बहुतेक बाहेरगावची. या लीगची रीत अशी की पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा घर सोडतो आणि शेकडो किलोमीटर लांबच्या गावात अनोळखी कुटुंबाकडे राहायला जातो. अशा कुटुंबाला तिकडे बिलेट म्हणतात. ते त्याला खोली देतात, जेवू घालतात, शाळेत जातो की नाही बघतात. पगारी नोकरी नाही, पण दिनक्रम नोकरीपेक्षा कडक. सकाळी शाळा, दुपारी सराव, आठवड्यात तीन-चार सामने आणि त्यांसाठी बसचा प्रवास. आपल्याकडे कबड्डी-खोखोची पोरं जिल्ह्याच्या स्पर्धेला एसटीनं किंवा टेम्पोत बसून जातात, तसाच हा प्रवास. फरक इतकाच की तो वर्षातून दोनदा नसून आठ महिने चालू असतो. बस हे या मुलांचं दुसरं घर असतं, आणि त्या घरात जागा ठरलेल्या असतात. पुढे प्रशिक्षक आणि नवखी पोरं, मागे जुने, मानाचे खेळाडू. मागच्या बाकांवर पत्ते रंगतात.

नव्या ब्रॉन्कोजचा मुख्य प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे होती. ग्रॅहम जेम्स. कुणाला घ्यायचं, कुणाला दुसऱ्या टीमला देऊन टाकायचं, कुणाला बर्फावर उतरवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं, एनएचएलच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या, टीमच्या माणसांशी कुणाबद्दल काय बोलायचं, हे सगळं त्याच्या हातात. सोळा वर्षांच्या मुलाचं अख्खं भविष्य एका माणसाच्या शब्दावर अवलंबून असणं हे त्या काळी कुणाला खटकत नव्हतं. चांगला प्रशिक्षक म्हणजे असाच, असं मानलं जाई.

३० डिसेंबर

त्या दिवशी टीम रिजायनाला निघाली होती. रिजायना पॅट्सशी संध्याकाळी सामना. अंतर साधारण २४५ किलोमीटर, सगळा रस्ता ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा, सरळ आणि सपाट. पण हवा वाईट होती. रस्त्यावर जो थर जमतो त्याला तिकडे काळा बर्फ म्हणतात. तो काळा नसतो, पारदर्शक असतो. खालचं डांबर दिसत राहतं, म्हणून रस्ता नुसता ओला आहे असं वाटतं.

गाव सोडून थोडंच अंतर झालं होतं. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल ओलांडताना बस घसरली, रस्त्याच्या उजव्या कडेखाली गेली, बाजूच्या जोडरस्त्याच्या भरावावर आदळून हवेत उडाली आणि उजव्या कुशीवर पडून घसरत गेली. पुढे बसलेली मुलं वाचली. त्यांत ज्यो साकिक नावाचा शांत, सतरा वर्षांचा मुलगा होता आणि शेल्डन केनेडी होता. मागच्या बाकांवर चौघे पत्ते खेळत होते. ट्रेंट क्रेसी, २० वर्षांचा. स्कॉट क्रूगर, १९. ख्रिस मँटिका, १९. ब्रेंट रफ, १६.

क्रेसी आणि क्रूगर हे त्या टीमचे खंदे खेळाडू. ब्रेंट रफचा मोठा भाऊ लिंडी त्या वेळी बफेलो सेबर्सकडून एनएचएलमध्ये खेळत होता. मला राहून राहून ब्रेंटचं वय आठवतं. सोळा वर्षांचा मुलगा मागच्या बाकांवर, जुन्यांच्या पत्त्यांच्या डावात. त्या वयात त्या डावात बसायला मिळणं म्हणजे आपण यांच्यातले झालो, असं वाटण्याचा दिवस.

बसमध्ये सीट बेल्ट नव्हते. त्या काळात अशा बसमध्ये ते असण्याची पद्धतच नव्हती. चालकावर गुन्हा दाखल झाला नाही.

"आपलं आपण बघू"

अपघातानंतर काय झालं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. चार सहकारी गेले, आणि त्यांच्यासोबत बसलेली वीसेक मुलं त्या बसमधून बाहेर आली होती. बहुतेकांचं वय सतरा-अठरा. काहींनी मित्रांना समोर जाताना पाहिलं होतं. आज अशा वेळी पहिल्या दिवशी मानसोपचाराची माणसं येतात. १९८६ मध्ये तेवढं नव्हतं, पण अगदीच नव्हतं असंही नाही. वाचलेल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं की बाहेरून मदत घेऊ दिली गेली नाही. प्रशिक्षकाचं म्हणणं असं की टीम हे एक कुटुंब आहे, हे दुःख आपल्यातच राहील आणि आपणच त्यातून बाहेर पडू.

त्या वेळी हे कुणाला विचित्र वाटलं नाही. उलट ते धीराचं वाटलं. माळरानावरच्या शेतकरी संस्कृतीत पुरुषानं रडू नये, कामाला लागावं, हा संस्कार पक्का होता. हॉकीत तर तो दुप्पट. मुलं पुन्हा बर्फावर उतरली, आणि तीही बसनं प्रवास करतच. त्याच रस्त्यांवरून, त्याच बर्फातून. केनेडी आणि बॉब विल्की यांच्यासारख्यांनी नंतर उघडपणे सांगितलं आहे की ही जखम वर्षानुवर्षं आतल्या आत चिघळत राहिली.

दहा वर्षांनी जे बाहेर आलं त्याच्या उजेडात त्या नकाराचा दुसरा अर्थ लागतो. मुलांशी एकांतात, विश्वासानं बोलणारा कुणी तज्ज्ञ आला असता तर त्याला अपघाताखेरीज आणखीही काही ऐकू आलं असतं. वाचलेल्यांपैकी काहींचं हेच मत आहे. त्या माणसाच्या मनात नेमकं काय होतं हे ठरवायचा अधिकार मला नाही. पण एवढं स्पष्ट आहे की नाही म्हणायचा अधिकार एकट्या त्याच्याकडे होता, आणि त्याचं नाही ऐकून पुन्हा विचारायला कुणी पुढे आलं नाही. त्यासाठी वाईट हेतूची गरज नव्हती. गाव दुःखात होतं, त्याला खंबीर माणूस हवा होता, आणि तो समोर उभा होता.

त्या हंगामात टीम प्लेऑफपर्यंत, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांपर्यंत, पोचली. साकिकनं गोल आणि गोलला दिलेले पास मिळून १३३ गुण केले आणि पुढच्या वर्षी १६०. लीगनं आपल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला फोर ब्रॉन्कोज मेमोरियल ट्रॉफी असं नाव दिलं. १९८८ मध्ये ती साकिकलाच मिळाली. आजही ती दिली जाते. २०२३ मध्ये कॉनर बेडार्डनं घेतली, त्या चौघांपैकी कुणालाही न पाहिलेल्या पिढीतल्या मुलानं.

१९८९

१९८८-८९ चा हंगाम हॉकीच्या नजरेनं पाहिला तर थक्क व्हायला होतं. ७२ सामन्यांत ५५ विजय. प्लेऑफमध्ये १२ पैकी १२. लीगच्या इतिहासात तोवर प्लेऑफमध्ये एकही सामना न हरता कुणी विजेतेपद मिळवलं नव्हतं. मग मेमोरियल कप, जो त्या वर्षी सॅस्कटूनला होता, म्हणजे सस्कॅचवानमध्येच. अंतिम सामना यजमान सॅस्कटून ब्लेड्सशी. जादा वेळेत टिम टिस्डेलच्या गोलनं ब्रॉन्कोज ४-३ जिंकले. सोळा हजारांच्या गावाची टीम कॅनडाची विजेती झाली.

त्या टीममध्ये बसमधून वाचलेली काही मुलं होती. केनेडी, विल्की, पीटर सोबरलॅक, डॅनी लँबर्ट. मेमोरियल कपचा सर्वोत्तम खेळाडू लँबर्टच ठरला. स्कॉट क्रूगरचे दोन भाऊ, डॅरेन आणि गोलरक्षक ट्रेव्हर, हेही त्याच टीममध्ये. ज्या घरातला एक मुलगा त्या रस्त्यावर गेला, त्याच घरातल्या दोघांनी तो चषक उचलला. हे वाचताना अजूनही माझा गळा दाटतो, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही.

त्या वर्षी हॉकीतल्या एका नावाजलेल्या साप्ताहिकानं ग्रॅहम जेम्सला वर्षाचा मानकरी ठरवलं. शोकातून टीम उभी करणारा माणूस म्हणून.

या चषकाकडे बघण्याच्या दोन रीती दिसतात. एक म्हणते, सगळं खोटं होतं. दुसरी म्हणते, प्रशिक्षकाचा गुन्हा वेगळा आणि मुलांचा पराक्रम वेगळा, ते मिसळू नका. मला दुसरी अधिक पटते, पण पूर्ण नाही. पराक्रम मुलांचाच होता, यात शंका नको. मात्र त्या विजयानं एक दार बंद केलं. शोकाचं उत्तर विजय आहे, असं गावानं आणि लीगनं मानलं, आणि ते उत्तर हाती आल्यावर बाकी प्रश्न विचारायची गरजच राहिली नाही. चषक आणणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल एखाद्या मुलानं १९८९ च्या उन्हाळ्यात तोंड उघडलं असतं तर त्याचं कुणी ऐकलं असतं का?

बोलणारा पहिला

जेम्स १९९४ मध्ये स्विफ्ट करंट सोडून गेला आणि कॅलगरी हिटमेन या नव्या टीमच्या उभारणीत लागला. त्या टीमच्या सुरुवातीच्या भागीदारांत त्याचे जुने खेळाडूही होते. साकिक होता. मूस जॉमध्ये त्याच्या हाताखाली खेळलेला थिओ फ्लरीही होता. फ्लरीनं पुढे, २००९ मध्ये, जाहीर केलं की या माणसानं आपलं लहानपणी लैंगिक शोषण केलं होतं. शोषण झालेला मुलगा मोठा होऊन, नाव आणि पैसा कमावून, त्याच माणसाच्या शेजारी भागीदार म्हणून बसतो. "इतकं होतं तर आधीच का नाही बोलला?" हा प्रश्न आपल्याकडेही पटकन विचारला जातो. ज्यांच्या ओठावर तो येतो त्यांनी ही एक गोष्ट शांतपणे डोळ्यांसमोर आणून बघावी.

पहिला बोलला शेल्डन केनेडी. १९९६ मध्ये तो पोलिसांकडे गेला. तेव्हा तो एनएचएलमध्ये खेळत होता. मॅनिटोबाच्या खेड्यातला हा मुलगा चौदाव्या वर्षी जेम्सच्या नजरेखाली आला होता, आणि छळ स्विफ्ट करंटच्या वर्षांतही चालू राहिला. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला. दोन खेळाडू, आणि सुमारे ३५० वेळा केलेले अत्याचार. शिक्षा साडेतीन वर्षांची. म्हणजे ज्या बसमधून केनेडी जिवंत बाहेर आला, त्या बसच्या पुढच्या बाकावर त्याला छळणारा बसलेला असे, आणि अपघातानंतर त्याच्याकडूनच त्याला धीर घ्यावा लागत होता.

केनेडीनं हे आपल्यापुरतं ठेवलं नाही. १९९८ मध्ये तो इनलाइन स्केटवर कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि मुलांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कामासाठी निधी जमवला. ठिकठिकाणी लोक त्याच्याजवळ येऊन हळूच स्वतःची गोष्ट सांगत. पुढे २००४ मध्ये त्यानं वेन मॅकनील यांच्यासोबत रिस्पेक्ट ग्रुप सुरू केला. त्यांचा प्रशिक्षणक्रम कॅनडातल्या अनेक क्रीडा संघटनांनी प्रशिक्षकांसाठी सक्तीचा केला.

लीगनं काय केलं

खटल्याच्या वर्षीच, १९९७ मध्ये, कॅनडातल्या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगच्या शिखर संस्थेनं टोरोंटोचे वकील गॉर्डन कर्क यांच्याकडून अहवाल करून घेतला. खेळाडू आधी, असं त्याचं नाव आणि तेच त्याचं सूत्र. प्रशिक्षक नेमताना पार्श्वभूमी तपासणं, मुलाला टीमबाहेरच्या कुणाकडे तक्रार करता येणं, बिलेट कुटुंबांची निवड, अशा गोष्टी त्यानंतर हळूहळू रीतीच्या झाल्या. आज हे ऐकायला साधं वाटतं. १९८६ मध्ये यातलं काहीही नव्हतं.

कायद्याला मात्र वेळ लागला. शिक्षा भोगून झाल्यावर जेम्सला २००७ मध्ये गुपचूप माफी मिळाली, म्हणजे त्याची गुन्ह्याची नोंद बाजूला ठेवली गेली. हे २०१० मध्ये उघड झालं तेव्हा देश खवळला आणि माफीचे नियम बदलावे लागले. फ्लरी आणि त्याचा चुलतभाऊ टॉड होल्ट यांच्या तक्रारींवर २०१२ मध्ये आधी दोन वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात २०१३ मध्ये पाच वर्षांची झाली. २०१५ मध्ये आणखी एका जुन्या खेळाडूच्या प्रकरणात स्विफ्ट करंटच्याच न्यायालयात दोन वर्षं वाढली.

माझ्या मते या सगळ्यातली खरी सुधारणा एकच. मुलाच्या आणि बाहेरच्या जगाच्या मधे एकच माणूस उभा राहणार नाही, याची व्यवस्था. बाकी कलमं, फॉर्म, प्रमाणपत्रं यांची किंमत तेवढ्यापुरतीच. आपल्याकडे बालेवाडीसारख्या ठिकाणी क्रीडा प्रबोधिनीत बारा-तेरा वर्षांची मुलं-मुली घर सोडून राहतात, गावोगावच्या तालमींत आणि अकादमींत राहतात. प्रशिक्षकाला आपण गुरू म्हणतो, त्याच्या पाया पडतो. तो मान बहुतेकांनी कष्टानं कमावलेला असतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवायची सक्ती केली आहे. पण होस्टेलवरच्या मुलीनं ती सांगायची कुणाला, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर तिला पाठ आहे का, हे प्रत्येक पालकानं मुलीला सोडायला जातानाच विचारावं असं मला कळकळीनं वाटतं.

पुन्हा एक बस

६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचवानमध्येच दुसरी बस कोसळली. तीही ब्रॉन्कोजचीच, पण हम्बोल्टच्या ब्रॉन्कोजची. ही खालच्या पायरीची, सस्कॅचवान ज्युनियर लीगमधली टीम. प्लेऑफच्या सामन्यासाठी निपविनला चालली होती. आर्मलीजवळच्या चौकात स्टॉपची पाटी न पाळता आलेल्या ट्रकशी तिची धडक झाली. सोळा जण गेले, तेरा जखमी झाले.

काही दिवसांत चार माणसं गाडीनं हम्बोल्टला पोचली. शेल्डन केनेडी, बॉब विल्की, पीटर सोबरलॅक आणि डॅरेन क्रूगर. सगळे पन्नाशीकडे झुकलेले, सगळे १९८९ मध्ये चषक आणणाऱ्या टीमचे. वाचलेल्या मुलांशी, आईबापांशी, पहिल्यांदा घटनास्थळी पोचलेल्या लोकांशी ते बोलले. एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्याजवळ जे कुणी आलं नव्हतं, ते होऊन ते आले. या वेळी समुपदेशक पहिल्या दिवसापासून होते, आणि गरज असेल त्यानं घ्यावी असं सगळेच उघडपणे म्हणत होते.

सीट बेल्टचा नियमही मग झाला. १ सप्टेंबर २०२० नंतर तयार होणाऱ्या मोठ्या प्रवासी बसमध्ये कॅनडानं ते सक्तीचे केले. स्विफ्ट करंटच्या अपघाताला तेव्हा जवळजवळ चौतीस वर्षं होत आली होती.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये, अपघाताला तीस वर्षं झाली तेव्हा, त्या पुलाजवळ महामार्गाच्या कडेला चौघांचं स्मारक उभं राहिलं. दीड वर्षानं, मे २०१८ मध्ये, स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजनी अमेरिकेतल्या एव्हरेट शहराच्या टीमला हरवून लीगचं विजेतेपद मिळवलं. १९८९ आणि १९९३ नंतरचं ते तिसरं. त्या वर्षी मेमोरियल कप रिजायनाला होता. टीम निघाली ती त्याच महामार्गानं, पूर्वेकडे, त्या पुलावरून. स्पर्धेत तिन्ही सामने हरले. परतीचा रस्ताही तोच, स्मारकावरून गावात येणारा.